कोमट पाण्याचा गुरुवार

मी हिंगोलीहून निघाले त्या संध्याकाळी ट्रॅव्हल्सची गाडी उशिरा आली. वेळेवर आली असती तर रडायला सवड तरी मिळाली नसती. बाबा माझ्या बॅगेवर बसून होते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर नोकरी करण्यात त्यांची सगळी हयात गेली. टाकीत उतरायचं, शेवाळ खरवडायचं, जंतू मारायला टीसीएल पावडर टाकायची, आणि थोड्या दिवसांनी शेवाळ पुन्हा हजर. त्यांची लेक मायक्रोबायोलॉजी शिकून निघाली कुठं, तर चाकणला शेवाळ पिकवायला! गावात त्यांनी नुसतं ‘कंपनीत लागली’ एवढंच सांगितलं होतं. मला मात्र म्हणाले, “म्या जल्मभर खरवडलं, आन् तुला ते वाढवायचा पगार देऊ लालेत. नशीब हाय बाई तुझं.” आई हसली नाही. गाडीचे दिवे दिसले तेव्हा एवढंच बोलली, “जाय माय. मागं पाहू नको.” मी पाहिलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती.

तुम्ही गावाकडचे अजून फोनवर विचारता, शेवाळाचं डिझेल होतंच कसं. आता सांगतेच एकदाचं. शेवाळात तेल असतं. हौदात ते वाढवायचं, सुकवायचं आणि तेल काढायचं. तेलाचं डिझेल करायला लोक कॉस्टिक सोडा वापरतात, पण आमच्या तेलात आम्ल जास्त. कॉस्टिक घातलं की निम्म्याचा साबण होऊन बसतो. म्हणून आम्ही एन्झाइम वापरतो, शाळेच्या पुस्तकातलं विकर. ते काम चोख करतं, पण त्याचे नखरे जावयासारखे. कोमट ऊब हवी. गार झालं की काम मंदावतं, कढत झालं की कायमचं बसतं. तेलात मिथेनॉल, म्हणजे पेट घेणारं स्पिरिट, मिसळावं लागतं, पण तेही त्याला एकदम ओतलेलं खपत नाही, थोडं थोडं द्यावं लागतं. आणि सारखं ढवळत राहावं लागतं, नाहीतर तेल वर आणि बाकीचं खाली.

हे सगळं चाकणजवळ निघोजेत, एका भाड्याच्या गाळ्यात चालतं. आम्ही मोजकीच माणसं. सर, म्हणजे आमचे मालक, वाकडच्या उंच इमारतीतून रोज गाडीने येतात. प्रशांत पिंपरीचा, त्याचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि हा कुठलंही मशीन उघडून बसणारा. माझी खोली गाळ्यासमोरच, रस्ता ओलांडला की मावशींच्या अंगणात. मावशी म्हणजे घरमालकीण. त्यांच्या सासऱ्यांची जमीन कंपन्यांत गेली, आता खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं. सुरुवातीला मला त्यांची भीतीच वाटायची. पाणी जास्त सांडलं की ओरडायच्या, उशीर झाला की दारात उभ्या. मी आईला फोनवर सांगायचे, इथं एक फुकटची सासू मिळाली आहे.

गावात वीज कधीही जायची, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. इथं मात्र गुरुवार ठरलेला. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी वीजही बऱ्याचदा जाते. आम्हालाही ते ठाऊक होतं, डिझेलचा जनरेटर भरून तयार ठेवला होता. थंडीचे दिवस होते. विजेवर तापणाऱ्या पाण्याच्या टाकीत बसवलेल्या ड्रममध्ये आमचं सगळं तेल विकरासकट होतं, कित्येक महिन्यांच्या शेवाळाचं. शुक्रवारी एका मोठ्या कंपनीची माणसं त्याचं तयार झालेलं डिझेल बघायला येणार होती. सरांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, हे जमलं तर पुढे, नाहीतर गाळा बंद. गाळा बंद म्हणजे माझी हिंगोलीची गाडी.

सकाळी वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. प्रशांतने तो उघडला, पुन्हा बसवला, शिव्या दिल्या. मग म्हणाला, “आपण डिझेलवाले राव, कुणाला सांगायची पण सोय नाही.” सर दुसरा जनरेटर शोधायला भोसरीकडे गेले. इकडे ड्रमच्या तापमानाचा काटा खाली उतरत होता. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि खरं सांगू, क्षणभर बरंच वाटलं. संपलं एकदाचं, जाते घरी. दुसऱ्याच क्षणाला रडू फुटलं.

मावशी समोरून आल्या. “काय गं, काय झालं?” मी भडभडा सगळं सांगितलं. ड्रम गार पडतोय, उद्यापर्यंत डिझेल होणार नाही, मला गावी परत जावं लागणार. डिझेल, एन्झाइम यातलं त्यांना काय कळलं देव जाणे. त्यांनी विचारलं, “किती ऊन पानी लागतं त्याला?”

“बाळाला न्हाऊ घालतो ना, तेवढंच.”

“मंग त्यात काय येवढं? बंब हाय की.”

मिथेनॉलजवळ जाळ चालत नाही, म्हणून बंब त्यांच्याच अंगणात पेटला. मावशी बादलीत कढत पाणी काढायच्या, विसण घालायच्या, मी रस्ता ओलांडून आणायचे आणि ड्रमभोवतीच्या टाकीत ओतायचे. पहिली बादली थर्मामीटरने नापास केली, फारच गरम होती. मावशी चिडल्या, “हाताला तर लागत न्हाई!” त्यांचा हात चुलीवर तयार झालेला, त्याला काय लागणार? मग त्या कोपर बुडवून बघायला लागल्या आणि जमलं. प्रशांतने मोटरचा पट्टा काढला आणि ढवळायचा दांडा हाताने फिरवत राहिला. मिथेनॉलची मात्रा वेळ झाली की मी देत होते. दुपारी मावशींनी पिठलं-भाकरी तिथेच आणून दिली. चार वाजता वीज आली तेव्हा आम्ही तिघंही धुराने आणि घामाने ओळखू येत नव्हतो. सर रिकाम्या हाताने परतले, ड्रममध्ये डोकावले आणि मावशींना वाकून नमस्कारच केला.

शुक्रवारी माणसं आली, बघून गेली. काम मिळालं. गाळा चालू राहिला, मीही राहिले.

नंतर एकदा मावशी मेथी निवडत होत्या, तेव्हा मी विचारलं, “त्या दिवशी एवढी लाकडं जाळलीत, दिवसभर उभ्या राहिलात. तुम्हाला आमच्या डिझेलशी काय करायचं होतं?”

त्यांनी मान वर केली नाही. “ते नासलं आसतं तर तू गेली आसतीस न्हवं?”

“हो.”

“मंग?” म्हणाल्या, आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.

आई, हे तुला बाबा वाचून दाखवतील तेव्हा वाईट वाटून घेऊ नको. तुझं घर ते माझं घर आहेच, तू जाय म्हणालीस म्हणून तर मला जग दिसलं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पण इथंही आता माझं घर आहे. इथं मी जाऊ नये म्हणून एका बाईने दिवसभर पाणी तापवलं.