पाठ विमानाकडं

यशवंता गेला तेव्हा मी त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. त्याच्या मरणाची बातमी मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी ती मला पुन्हा एकदा कळली... पंधरवड्यानं, माझ्याच पिठाच्या गिरणीत. दळण घेऊन आलेल्या शांताक्कानं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला आणि म्हणाली, "बघा, तुमच्या दोस्ताला मारलाय म्हणं!" पडद्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, विमान अपघाताच्या साक्षीदाराचा गूढ मृत्यू. खाली लोकांनी आपापलं लिहिलेलं. कुणी म्हणे विष घातलं, कुणी म्हणे दिल्लीहून माणसं आलती. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या बोळात दिल्लीहून कुणी आलं असतं तर गाडी कुठं लावायची म्हणून आधी आमच्याशीच भांडावं लागलं असतं. पण हे असलं वाचून मला हसू आलं नाही. कारण खरं सांगायचं तर असल्या गोष्टींवर या पेठेत सगळ्यात जास्त विश्वास ठेवणारा माणूस मीच.

यशवंता माझ्या वर्गातला. मी चौथीत शाळा सोडली आणि वडिलांच्या गिरणीत पट्टा चढवायला लागलो, तो पुढं शिकून मिलिटरीत गेला. नायक म्हणून परत आला. पेठेनं त्याला परस्पर सुभेदार करून टाकलं, पण कुणी सुभेदार म्हणून हाक मारली की तो थांबून सांगायचा, "नायक. सुभेदार मोठा असतोय." लोक म्हणायचे, किती नम्र माणूस. नम्र कसला... जे आहे तेवढंच बोलायचं, ही त्याला खोड होती. नोकरीत असताना पूर्वेकडच्या डोंगरात मिलिटरीचं एक मालवाहू विमान पडलं होतं, आतली सगळी माणसं गेली होती, आणि त्या जागेभोवती पहारा द्यायला यशवंताची तुकडी पाठवली होती. ही गोष्ट त्यानं एकदाच, सहज सांगितली. तेवढी मला पुरली. पुढं कितीतरी वर्षं, रोज दुपारी तो गिरणीत येऊन बाकड्यावर बसला की मी विचारायचो. विमान पाडलं का पडलं? आत कोण मोठा साहेब होता का? एक पेटी आधी बाहेर काढली म्हणतात, ती कसली? गिरणी चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळं हे प्रश्न पार चौकापर्यंत ऐकू जायचे. आणि तो तेवढ्याच मोठ्यानं उत्तर द्यायचा, "मी काय बघितलं न्हाय!" मी मनात म्हणायचो, मुरलेला गडी आहे. शपथ घेतलेली दिसतेय.

दोन वर्षांमागं कुठलासा चॅनेलवाला त्याचं घर हुडकत आला. तिशीतला, दाढी राखलेला, पुण्याकडचा असावा. यशवंतानं त्याला चहा पाजला आणि मला सांगत होता तेच सांगितलं. पण मोबाईलवर ते आलं तेव्हा यशवंताचं तोंड पुसट केलेलं, आवाज घागरीतून आल्यासारखा, आणि खाली लिहिलेलं, माजी सैनिक आजही बोलायला घाबरतो. तोंड पुसलं होतं खरं, पण मागचं निळं दार तसंच ठेवलं होतं आणि त्या दारावर नातीनं खडूनं काढलेला पाच पायांचा हत्तीही. सकाळी नऊ वाजता आला तो व्हिडिओ, दुपारपर्यंत अख्ख्या पेठेला निनावी साक्षीदार कोण ते कळलं. पोरं त्याला बघून सलाम ठोकू लागली. मी मात्र चिडलो होतो. म्हटलं, "मला इतकी वर्षं न्हाय न्हाय म्हणालास आणि त्या दाढीवाल्याला सांगितलंस व्हय?" तो म्हणाला, "शंकर, त्यालाबी न्हायच म्हटलंय. नीट ऐक की." मी नीट ऐकलं. खरंच, सगळ्या व्हिडिओत त्यानं "मी काय बघितलं न्हाय" एवढंच म्हटलं होतं. पण तोंड पुसल्यावर त्याच वाक्याला केवढा वास येत होता...

त्यानंतर काही महिन्यांनी इचलकरंजीहून शैलजाताई आल्या. साठीच्या आसपासच्या, उभट चेहऱ्याच्या, हातात कापडी पिशवी. त्या विमानात त्यांचे वडील होते. त्या तेव्हा शाळकरी. घरी बंद शवपेटी आली, उघडू नका म्हणून सांगितलं, आणि आईनं उरलेला जन्म त्या पेटीत काय होतं याचा विचार करण्यात घालवला. आता मोबाईलवर लोक म्हणत होते की विमान पडल्यावर काही माणसं जिवंत होती, त्यांना मुद्दाम तशीच टाकली. ताईंना तेवढंच विचारायचं होतं. व्हिडिओतल्या माणसाच्या बोलण्यावरून तो कोल्हापूरचा हे त्यांनी ताडलं, आणि विचारत विचारत पेठेपर्यंत पोचल्या.

आता आमची पेठ कशी आहे, घरातलं भांडण चौकात मांडील, पण बाहेरचा कुणी आपल्या माणसाला विचारत आला की सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी. पानवाल्यानं त्यांना पार गावाबाहेर कळंब्याला पाठवलं. कळंब्याहून त्या परत आल्या आणि माझ्या गिरणीत पाणी मागायला थांबल्या. मी म्हटलं, "पावणं, असला कोण मिलिटरीवाला हितं न्हाय." पाणी दिलं, आणि जातं घरघरत होतं म्हणून निर्धास्तपणे शांताक्काच्या कानाशी वाकून म्हणालो, "यशवंताला सांगा, मागच्या बोळातल्या घरातनं भाईर पडू नको म्हणावं." ताईंनी तांब्या खाली ठेवला, हसल्या, आणि म्हणाल्या, "मागचा बोळ म्हणजे हा डावीकडचा का?" त्यांचा जन्म यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलेला. तिथं खडखडाटात माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, हे मला त्या दिवशी समजलं. मी गिरणी बंद केली आणि त्यांच्या मागं पळालो.

यशवंतानं त्यांना खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसला. त्यांनी विचारलं आणि त्यानं नेहमीचं उत्तर दिलं, "ताई, मी काय बघितलं न्हाय." त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथं होता ना तुम्ही?" "व्हतो की. पहाऱ्यावर. पहारा देताना पाठ विमानाकडं करायची आणि तोंड भाईर. कोण येतंय ते बघायचं. विमानाला काय बघायचं, ते कुठं पळून जाणार?"

मी भिंतीला टेकून उभा होतो, तो खाली बसलो. इतक्या वर्षांत मी त्याला काय बघितलंस हे शंभरदा विचारलं, पण तू उभा कसा होतास हे कधी विचारलं नव्हतं.

ताईंनी विचारलं, "एकदाही वळला नाहीत?"

"हुकूम नव्हता." मग म्हणाला, "पर ताई, पाठ केली म्हणून कान बंद होत न्हाईत. आम्ही पोचलो तवापासनं मी ऐकत हुतो. माणसाचा आवाज आला असता तर हुकूम गेला खड्ड्यात, वळलो असतो. आवाज आला न्हाय. आम्ही पोचायच्या आधीचं मला ठावं न्हाय. ते मी सांगणार न्हाय."

त्या बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग समोर काय दिसलं तुम्हाला?" हा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नसावा. यशवंता सरसावून बसला. खालच्या वस्तीतली एक म्हातारी रोज सकाळी चढून यायची म्हणाला. बांबूच्या नळकांड्यात पाणी घेऊन. तिला विमानापर्यंत जायचं असायचं, हा हातानं नको म्हणायचा. मग ती त्याच्या बुटांशीच पाणी ओतायची, जरा उभी राहायची आणि उतरून जायची. पहारा उठेपर्यंत रोज. "का ओतत हुती मला म्हाईत न्हाय. तिची भाषा येत नव्हती."

ताई म्हणाल्या, "आई म्हणायची, त्यांच्या तोंडात पाणी घालायलाही कोणी नव्हतं." आणि मग रडल्या. आम्ही दोघं म्हातारे दाराकडं बघत बसलो. जाताना त्यांनी यशवंताच्या सुनेकडनं दुसऱ्यांदा चहा मागून घेतला, एवढं मला बरं वाटलं.

विमानात काहीच नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. आधी बाहेर काढली म्हणतात ती पेटी कसली, हे मला अजून कळायला हवंच आहे. यशवंताला मी तसं सांगितलंही, तर तो म्हणाला, "तू असतास तर पहिल्या दिवशीच वळला असतास." म्हटलं, "वळलोच असतो." "म्हणून तर तू गिरणीत." पुढं त्याची छाती भरू लागली, चार पावलं चाललं की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. त्या सकाळी त्यानं दोन चमचे उप्पीट खाल्लं, मला म्हणाला, "दार उघडं ठेव, कोण येतंय बघू दे," आणि उशीवर मान टेकवली. थोड्या वेळानं मला कळलं की तो आता बघत नाही.

परवा तो दाढीवाला पुन्हा आला. म्हणाला, काका, शेवटी तुम्हीच जवळ होता, बोला, तुमचं तोंड पुसट करतो. म्हटलं, तोंड पुसायचं न्हाय. हत्ती दिसतोय तसं माझं तोंड दिसू दे. यशवंताच्या खोलीतच बसलो, त्याच्या खाटेवर. तिथं बसल्यावर आपोआप बोळाकडं तोंड होतं. दूधवाला गेला, एक बाई लिंबं विकत गेली. मी सगळं सांगितलं. छाती, उप्पीट, दार. त्यानं कॅमेऱ्यामागनं मान बाहेर काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण येतंय बघू दे, म्हणजे त्यांना कुणी येणार याची भीती होती का?"

"न्हाय."

"मग त्याचा अर्थ काय?"

"दार उघडं ठेव."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी कितीतरी वर्षं यशवंताकडं जसा बघायचो ना... अगदी तसाच. मला काहीतरी लपवायचंय, याची त्याला खात्री पटली होती. ती मुलाखत त्यानं अजून लावलेली नाही. यशवंताची सून म्हणत होती, खोली आता बंद करू, धूळ येते. मी म्हटलं, दुपारी मी येऊन बसत जाईन, तेवढा वेळ दार उघडं राहू दे.