काशिनाथने उतरवलेली दुर्बीण

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मसोलीतल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला काशिनाथचीच गोष्ट सांगत होतो. गिऱ्हाईक अर्धा किलो खिळे घ्यायला आलं होतं आणि मी त्याला पाऊण तास अडकवून ठेवलं होतं. फोनवर काशिनाथची सून म्हणाली, "काका, बाबा सकाळी उठलेच नाहीत." गोष्ट तिथेच थांबली... मी अर्धवट सोडलेली आयुष्यातली ही एकमेव गोष्ट. ती आज महिन्याभराने पुरी करतो.

काशिनाथ कैनाडचा. आमची शाळा एक, बाक एक. मी दुकानात बसलो, तो राखीव पोलिसांत जाऊन आर्मोरर झाला, म्हणजे दलाच्या बंदुकांचा डॉक्टर. एके-४७ रायफल हा त्याचा जीव की प्राण. ही रायफल चिखलात बुडवा, वाळूत लोळवा, चालते. पण नेम तिचा ढिला, असं सगळे म्हणतात. काशिनाथला हे खपायचं नाही. "रायफलीचा ढिलेपणा मोजता येतो, शेठ. धरणाऱ्याचा नाही येत." शेठ म्हणजे मी, दुकान टाकल्यापासून तो मला असंच चिडवायचा. शस्त्रागारातल्या तीनशे रायफली तो डोळे मिटून, नुसत्या हलवून, खुळखुळण्यावरून ओळखतो, असं मी चारचौघांत सांगितलं की तो शांतपणे म्हणायचा, "तीस. आणि डोळे उघडे." माझ्या प्रत्येक गोष्टीचा तो असा, स्क्रूचा करावा तसा, एक आटा कमी करायचा.

त्याच्या हातची सगळ्यांत नावाजलेली रायफल त्याने दलातल्या एका सहा फुटी नेमबाजासाठी सजवली होती. खांद्याला टेकायच्या दस्त्याला मागून रबरी गादी लावून तो लांब केला, पुढे धरायला मूठ बसवली, वरच्या पत्र्याच्या झाकणावर पट्टी ठोकून तिच्यावर छोटी दुर्बीण. त्या रायफलीने पोलिसांच्या स्पर्धेत सोन्याचं मेडल आणलं. रायफल हातात घेतलेल्या काशिनाथचा फोटो कचेरीत लागला. ती बघायला परदेशातून माणसं येतात, असं मी डहाणूभर सांगत सुटलो. बोईसरहूनसुद्धा कोणी आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुढे नेमबाजाची बदली झाली आणि त्याच्याच नेमबाजांच्या तुकडीत तलासरीची सुनंदा आली. जेमतेम पाच फुटांची, तुकडीतली पहिलीच मुलगी. कौतुकाने सगळ्यांनी तिला मेडलवाली रायफल दिली. आणि पोरीच्या गोळ्या जायला लागल्या दाही दिशांना. "काय गं सुनंदा, गोळ्या घरी पाठवतेस काय, तलासरीला?" असं बरोबरीची पोरं विचारायची. रायफलीला नावं कोण ठेवणार? मेडल आणलेली. म्हणजे खोट मुलीत. शनिवारी शेवटची परीक्षा. चुकली तर तुकडीतून बाहेर, टेबलावरच्या कामाला.

पुढचं मी वर्षानुवर्षं चांदमारीच्या, म्हणजे गोळीबाराच्या मैदानाच्या, बांधाआड लपून पाहिल्यासारखं सांगत आलोय. खरं तर मी तिथे नव्हतो. थोडं काशिनाथने सांगितलं, उरलेलं त्याच्या बाराव्याला आलेल्या सुनंदाने.

शुक्रवारी ती शस्त्रागाराच्या पायरीवर रायफल पुसत बसली होती. काशिनाथ शेजारी येऊन बसला.

"दिवसातून किती वेळा पुसतेस?"

"दोनदा, काका. नेम चुकला की तीनदा."

"झाकण काढून?"

"काढल्याशिवाय आत कशी पुसणार?"

काशिनाथने झाकण दोन बोटांनी हलवून पाहिलं. ते झाकण म्हणजे पातळ पत्रा. काढून बसवलं की केसभर इकडेतिकडे होणार, आणि दुर्बीण त्याच्यावरच. पोर जितकी मन लावून पुसत होती, तितका नेम हलत होता. सहा फुटी नेमबाज महिना महिना पुसायचाच नाही, आणि प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी काशिनाथ स्वतः दुर्बीण जुळवून द्यायचा. हे त्या दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा नाही, यावरून समजा.

गुपचूप दुसरी रायफल देऊन मोकळं होता आलं असतं. पण मग पोरं म्हणाली असती, हिला मेडलवाली झेपली नाही. शनिवारी चांदमारीवर, सगळ्या तुकडीसमोर, काशिनाथ साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, चूक पोरीची नाही, माझी आहे. या झाकणावर दुर्बीण टिकत नाही. मला माहीत होतं."

"मग ते मेडल?"

"ते त्या सकाळपुरतं होतं, साहेब."

आणि खाली बसून, ज्या रायफलीने त्याचं नाव झालं तिचा एकेक दागिना त्याने उतरवला. दुर्बीण, पट्टी, मूठ, शेवटी रबरी गादी. कारखान्यातून निघाली तशी उघडी रायफल राहिली. सुनंदाने तीन गोळ्या झाडायच्या, त्याने नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी किंचित फिरवायची, पुन्हा तीन... तासाभरात तिच्या डोळ्याला ती बसली. सुनंदा पास झाली. आज ती त्याच तुकडीत नव्या पोरांना नेमबाजी शिकवते. कचेरीतला फोटो काशिनाथने स्वतःच उतरवला. आधी पोरं त्याला 'मेडलवाले काका' म्हणायची, ती मग निवृत्तीपर्यंत 'झाकणवाले काका' म्हणत राहिली. तो 'ओ' द्यायचा.

परवा कैनाडला त्याच्या खोलीत गेलो. खाटेच्या वर, भिंतीला, सुनंदाच्या त्या दिवसाच्या परीक्षेतला निशाणाचा कागद आहे. पाच भोकं. ही पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली मावतात, असं मी किती जणांना शपथेवर सांगितलं असेल. खोलीत कोणी नव्हतं. कागदावर तळहात ठेवून पाहिला. चार झाकली गेली. पाचवं करंगळीच्या बाहेर राहिलं. बोटं जरा फाकवली असती तर तेही झाकलं असतं.

फाकवली नाहीत.