तळ्याकडच्या वाटेनं येणारे अण्णा

माझी शाळा चौथीनंतर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, आणि चुलीपुढं बसून, मांडीवर कागद धरून लिहिलेलं अक्षर कसं असणार ते सांगायला नको. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं सुधारून वाचावं आणि मला माफ करावं. एक गोष्ट मात्र मी चुकीची लिहिणार नाही. आमच्या वखारीतल्या अण्णांसारखा नियम पाळणारा माणूस निपाणीपासून बेळगावापर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, कारण अशा माणसाला जेवू घालायचं काम ज्या बाईकडं येतं तिचा जीव रोज संध्याकाळी टांगणीला लागतो.

अण्णा आमच्या नात्यातले नव्हते. निपाणी-चिकोडीच्या वाटेवर आमचं पेठेचं गाव, तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत ते दिवाणजी होते. बायको वारलेली, एकुलती लेक चिकोडीकडं दिलेली. आमच्या चुरमुऱ्या-फुटाण्यांच्या दुकानाला लागून एक खोली होती, तिथं ते राहत आणि दोन्ही वेळा आमच्याकडं जेवत. आम्ही दोघंही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, ही रीत दोन्हीकडं सारखी. पण आमच्या घरी पाहुणेरावळे आले, लग्नकार्य निघालं की थोडं इकडंतिकडं व्हायचं. अण्णांकडं इकडंतिकडं नव्हतंच. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून ते मान खाली घालून, एकेक पाऊल बघून टाकत चालत. सारा जन्म असं चालल्यामुळं गावातल्या माणसांची तोंडं त्यांना फारशी ठाऊक नव्हती, पण पाय सगळ्यांचे ठाऊक होते. समोरून येणाऱ्याच्या वहाणा बघून ते नमस्कार करत, आणि कुणी नव्या वहाणा घेतल्या तर बिचाऱ्याला पुन्हा ओळख करून द्यावी लागे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला दाराखालून दिसणाऱ्या जोडव्यांवरूनच ओळखत होते. पोस्टात खडूची रेघ मारलेली असे, तिच्यामागं रांगेत उभं राहायचं. पोस्टात दुसरं माणूस नसलं तरी अण्णा रेघेमागं थांबत, आणि पोस्टमास्तरांनी हाक मारल्यावरच पुढं होत. डॉक्टरांनी ‘औषध जेवणानंतर’ असं सांगितलेलं, म्हणून चतुर्दशीच्या उपासाला अंगात सणसणून ताप असूनही त्यांनी बाटलीला हात लावला नव्हता. लग्नात सासूनं म्हणे सांगितलं होतं की आमच्या लेकीला उलट बोलू नका. तेव्हापासून बायकोनं साधं ‘भात वाढू का’ विचारलं तरी हे उत्तर देण्याआधी क्षणभर विचार करत, असं त्यांच्या लेकीनंच मला हसत हसत सांगितलं होतं.

तर अशा माणसाच्या वाटेत आमच्या म्युनिसिपालटीनं पाटी लावली. आमची पेठ म्हणजे एकच अरुंद रस्ता. एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला वखारी. आमचं दुकान वेशीच्या अंगाला. माघात तंबाखूच्या गाड्या आत येऊ लागल्या की रिकाम्या परतणाऱ्या गाड्या त्यांना भिडायच्या, चाकात चाक अडकायचं, बैल हंबरायचे, आणि गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. एके दिवशी कुणा साहेबाची मोटार त्यात दुपारपर्यंत अडकून पडली. लगेच हुकूम निघाला: पेठेतून वेशीकडून वखारींकडं तेवढं जायचं, परत येताना गावाबाहेरून, तळ्याच्या वाटेनं. दुकानदारांनी डोक्याला हात लावला. शेतकरी येताना भरल्या गाडीनिशी येतो, तेव्हा त्याच्या खिशात काही नसतं. तंबाखू विकून परतताना तो पोरांना चुरमुरे घेतो, बायकोला खण घेतो. आता तो तळ्याकडूनच निघून जायचा. पेठेनं अर्ज केले, शिष्टमंडळं नेली. अध्यक्ष ऐकून घेत आणि चहा पाजून परत पाठवत.

अण्णा मात्र अर्ज करायला गेले नाहीत. ते विचारायला गेले. हुकूम गाड्यांनाच आहे की चालणाऱ्या माणसालाही, एवढंच त्यांना पाहिजे होतं. कचेरीतला कारकून दिवसभर दुकानदारांची बोलणी खाऊन वैतागलेला. तो मान वर न करता म्हणाला, “सगळ्यास्नी हाय. तुमास्नी सुदीक.” अण्णांनी त्याच्या चपलांना नमस्कार केला आणि परत आले. परत आले ते तळ्याच्या वाटेनं.

सकाळी जेवून वखारीत जाताना काही अडचण नव्हती, ती सरळ वाट. संध्याकाळी वखार बंद झाली की पूर्वी ते पेठेतून मुंग्या चुकवत चुकवत यायचे तरी उन्हं पत्र्यावर असायची. हातपाय धुऊन पाटावर बसायचे, आणि मी माजघराच्या दारामागं उभी राहून आमच्या सासूबाईंच्या हातून वाढून द्यायची. आता तळ्याला वळसा घालून यायचं म्हणजे केवढा फेर. त्यात तळ्याकाठची वाट मुंग्यांची, किड्यांची. पहिल्या दिवशी ते दारात आले तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. त्यांनी आभाळाकडं बघितलं, झाकलेल्या ताटाकडं बघितलं, “आज ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून ते ‘आज’ म्हणायचे बंद झाले.

आम्ही काय काय करून बघितलं नाही. वखारीचे मालक म्हणाले, थोडं आधी निघत जावा. अण्णा म्हणाले, कुलूप लावणारा हमालांच्या आधी कसा जाईल. टांग्याचं सुचवलं तर घोड्यावर आपलं ओझं टाकायला ते तयार नव्हते. शेवटी आमच्या ह्यांनी एक दिवस ताटच उचललं आणि पेठेतून थेट वखारीत नेलं. अण्णांनी हात धुतले, तंबाखूच्या धुळीपासून लांब बाहेरच्या कट्ट्यावर बसले. मला वाटतं, त्या दिवशी ते जेवलेही असते. पण ताट पुढं ओढता ओढता त्यांनी विचारलं, “ताट परत कुठल्या वाटंनं न्हेणार?” आमचे हे खोटं बोलू शकत नाहीत, एवढा एकच दोष त्यांच्यात आहे. पेठेतनंच, म्हणून सांगून मोकळे झाले. अण्णांनी ताट हळूच मागं सरकवलं. “माझ्यापायी तुमी कशाला हुकूम मोडता,” म्हणाले. हे चिडले, ताट घेऊन तळ्याकडं गेले, काठावर बसून सगळं स्वतःच जेवले, आणि घरी येऊन मला म्हणाले की आमटी झकास झाली होती.

त्या वर्षांत उपासाची मोठी हवा होती. कुठं कुणी सत्याग्रह करी, कुठं कुणी अन्न सोडी. त्यामुळं अण्णा रात्रीचे जेवत नाहीत हे कळल्यावर पेठेतल्या दुकानदारांना वाटलं, आपल्याला आपला पुढारी मिळाला. एका संध्याकाळी ते हार घेऊन तळ्याच्या वाटेवर उभे राहिले. अण्णांना आधी नुसतेच पाय दिसले, एवढे पाय बघून ते वाट सोडून बाजूला झाले. कुणीतरी गळ्यात हार घातला, कुणीतरी जयजयकार केला. अण्णांनी हार काढून त्यातली फुलं झटकून बघितली, आत किडा नाही ना म्हणून, आणि म्हणाले, “मी उपास करत न्हाय रं. मला भूक लागलीया.” असं म्हणून हार परत देऊन ते घराकडं चालू लागले. सूर्य त्यांच्या डोळ्यादेखत बुडाला. हार हातात धरून माणसं तशीच उभी राहिली, हसावं की पाया पडावं हे त्यांना कळेना. मी हे ऐकलं तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

पण पंचवटीतल्या ऋषींची गोष्ट वेगळी आणि साठी उलटलेल्या दिवाणजींची वेगळी. अण्णांची गळ्याजवळची हाडं वर आली. दिवसभर वखारीत उभं राहायचं, सकाळी जेवलेलं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरवायचं. एका संध्याकाळी तळ्याच्या बांधावर त्यांना घेरी आली. एका दूधवाल्या बाईनं त्यांना हाताला धरून आमच्या दारापर्यंत आणलं. दिवस मावळलेला. ती बिचारी सांगत होती, ह्यास्नी घोटभर दूध तरी द्या. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली आणि भिंतीला टेकून बसून राहिले. मी दाराआडून बघितलं. झाकलेल्या ताटावर हात ठेवून मी रडले, आणि त्या रात्री मला वाटलं, असंच चाललं तर हा माणूस एक दिवस त्या बांधावरच राहील.

म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांच्या आईंना सगळी पेठ आईसाब म्हणायची. त्या रोज सकाळी बस्तीत दर्शनाला येत. आमच्या देवळाला आम्ही बस्ती म्हणतो. मीही जात असे, पण खांबाच्या मागं उभं राहायची माझी सवय. कुणी बोललं तर मान हलवायची आणि घरी यायचं. दुसऱ्या दिवशी आईसाब अक्षता वाहून वळल्या आणि मला बघून सहज म्हणाल्या, “काय गं, तुझ्याकडचं अण्णा वाळल्यागत दिसतंय. बरं न्हाय व्हय त्यास्नी?” माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, “रातचं जेवत न्हाईत.”

“का?”

“तुमच्या लेकानं वाट बंद केलीया. तळ्याकडनं येताना दिवस मावळतोय.”

एवढंच. मी पुन्हा खांबामागं गेले. आईसाब तशाच घरी गेल्या. पण संध्याकाळी त्यांचा गडी आमच्या दारात आला, अण्णा जेवले का विचारायला. नाही म्हटल्यावर परत गेला. मागून कळलं ते असं, की आईसाबांनी वाढलेलं ताट बाजूला सारलं होतं. ज्या पेठेत दिवस मावळायच्या आधी माणसाला घरी येऊन जेवता येत नाही, तिथं मी कशी जेवू, म्हणाल्या. अध्यक्षांनी समजूत घातली, सुनांनी पाय धरले. गडी रोज यायचा, रोज मी नाही म्हणायची, आणि तो वेशीजवळ उभा राहून डोळे पुसून मग घरी जायचा, कारण ही बातमी आईसाबांना त्यालाच सांगावी लागायची.

त्याच आठवड्यात दवंडी पिटली गेली. पेठ दोन्ही बाजूंनी मोकळी. गाड्यांनी आपापली डावी बाजू धरायची, अडलं तर रिकाम्या गाडीनं थांबायचं. दुकानदारांनी गूळ वाटला. अण्णांनी दवंडी ऐकली, पण मानली नाही. हुकूम पाटीवर लिहिलेला होता, तर तो लिहूनच मोडायला पाहिजे होता. त्यामुळं संध्याकाळी अध्यक्ष स्वतः वखारीच्या दारात गेले, हातात सही-शिक्क्याचा कागद. अण्णांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, कागद उजेडात धरून वरपासून खालपर्यंत वाचला. मग अध्यक्षांच्या बुटांकडं बघून म्हणाले, “चालणाऱ्यास्नी बी व्हय?”

“तुमास्नी आधी,” अध्यक्ष म्हणाले.

आमच्या दुकानाच्या फळीआडून मी ते येणं बघितलं. पेठेच्या मधून अण्णा खाली मान घालून चालत होते. त्यांच्या मागं अध्यक्ष, मुंगी चुकवायची म्हणून नाइलाजानं तेवढ्याच हळू. दोन्ही बाजूंचे दुकानदार उभे राहिलेले. भरली गाडी समोरून आली तर गाडीवानानं एकही शिवी न देता बैल बाजूला दाबले. उन्हं अजून पत्र्यावर होती. अण्णा पाटावर बसले आणि त्या दिवशी, त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. भाकरी दुसऱ्यांदा मागितली. सासूबाई वाढताना रडत होत्या. आईसाबांचा गडी दारातून हे बघून पळत सुटला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पेठेत गाड्या पुन्हा एकमेकींना भिडतात, लोक म्हणतात, हा रस्ता दोन्हीकडून मोकळा केला तो कुठल्या शहाण्यानं? मी फळीआडून ऐकते. अण्णांना पुढं डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा लेक त्यांना चिकोडीकडं न्यायला आली. निघायच्या दिवशी ते आमच्या दारात थांबले. मी नेहमीसारखी दाराआड. त्यांनी दाराकडं तोंड करून म्हटलं, “पोरी, ते झाकलेलं ताट बघून पोट भरायचं असं न्हाय. खोटं कशाला बोलू, लई भूक लागायची. पण कुणीतरी ताट झाकून बसलंय म्हणून तळ्याची वाट सरायची.”

 मी दार थोडं उघडलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यासमोर आले आणि वाकून पायांना हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग मान वर केली. त्यांना दिसत नव्हतं तरी बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले.