घरगुती कारण

काल नातसून राजीनामा लिहीत बसली होती. सहावा महिना, पाय सुजलेले, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. त्यांची चिठ्ठी तांब्याखाली दाबलेली होती आणि कागदावर तिने लिहिलं होतं, 'घरगुती कारणामुळे.' ते वाचून माझी मान खाली गेली.

बिस्किटांच्या कारखान्यात मी पॅकिंगच्या बायकांवर मुकादम होते. त्यांतल्या शेवंताला पाचव्या महिन्यात रक्त जायला लागलं, तेव्हा साहेब म्हणाले, "तिला राजीनाम्यात घरगुती कारण लिहायला सांगा." मी सांगितलं. वर मीच तिला म्हणाले, "अंगाच्या गोष्टी कागदावर लिहू नयेत, बाई." चौथी शिकलेली असले तरी मला कळत होतं. दुखणं लिहिलं असतं तर रजा द्यावी लागली असती, जागा ठेवावी लागली असती. बाईचं काहीही घरात ढकललं की बाहेर कोणाला जाब द्यावा लागत नाही.

बाळ झाल्यावर ती कामावर आली. साहेबांनी तोच कागद दाखवला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिले.

"खोड ते," मी नातसुनेला म्हटलं. "दुखणं लिही. आणि राजीनामा नको, आधी रजा माग."

"आजी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

शेवंताचं नाव तोंडातून निघेना. मी तांब्या उचलला आणि चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.