फोटोतली अनवाणी मुलगी

मंडळी, आज आमच्या बावड्याजवळच्या वस्तीवरल्या शाळेत दानशूर पाहुणे आले होते, गरीब मुलांना दप्तरं वाटायला. आधी त्यांचेच सत्कार. फेटे, शाली, नारळ. मुलं तासभर उन्हात टाळ्या वाजवत बसली.

यादीत पहिलं नाव माझ्या वर्गातल्या राणीचं. ती महिनाभर शाळेत नाही. आई सुमन डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाते आणि राणी घरी धाकट्या भावाला सांभाळते.

"मग आता फोटो?" मुख्य पाहुणे असलेल्या साहेबांना केवढी काळजी! शेवटी त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या पुतणीलाच राणी म्हणून उभं केलं. आणि हो, तिचे बूट काढायला लावले. गरिबी नीट दिसायला नको का?

शाळा सुटल्यावर दप्तर घेऊन मी बागेत गेले. सुमन म्हणाली, "बाई, दप्तर झ्याक हाय. पण अंगणवाडी दुपारीच सुटती, आमी सांजच्याला सुटतो. तवर बारक्याला कुणी सांभाळलं, तर राणी उद्याच शाळंत येईल."

मी लगेच साहेबांना फोन केला. म्हटलं, वस्तीवर पाळणाघर चालवा, सांभाळायला एक बाई ठेवा. साहेब म्हणाले, "बाई, त्यात दाखवण्यासारखं काय असतं?"

तो फोटो आता सगळ्या ग्रुपवर फिरतोय. खाली लिहिलंय, 'राणीच्या चेहऱ्यावर हसू फुललं.' खरी राणी अजून भावाला कडेवर घेऊन घरीच आहे.

खरं सांगा, त्या फोटोखाली हात जोडलेत का तुम्ही?