मेंढरांची तोंडं कुठल्या बाजूला होती

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. जॉर्डनच्या वाळवंटात, दिवसाढवळ्या, एका शेळीच्या मदतीने फसवलं. त्या देशातल्या कुणाचा यात दोष नाही. शेळीचाही नाही.

आमचं गाव वडूजच्या पूर्वेला, कुसळांच्या मुलखात. आबा, म्हणजे आमचे वडील, मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कराडकडच्या रानांत उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. दादा सतराव्या वर्षी फौजेत गेला. मी सातवीत शाळा सोडून कळपाबरोबर चालू लागलो. पुढे शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार केला, बाजारामागून बाजार केले, विट्यात दोन मजली घर बांधलं. कुणी हात दिला नाही, म्हणून मी कुणाचं ऐकूनही घेत नाही.

दादा सुभेदार होऊन रिटायर झाला. तेव्हापासून आमचा एकच वाद आहे. दादा म्हणतो, आबा कळपाच्या पुढं चालायचे. मी म्हणतो, मागं. पुढचा माणूस नुसती हाक घालत जातो. लंगडणारं जनावर आणि वाटेत व्यालेली मेंढी मागचा माणूस बघतो. दादाने आबांबरोबर सुट्टीचे चार दिवस काढले, मी अकरा वर्षं काढली. तरी लग्नकार्यात चारचौघांत तोच छाती काढून सांगतो, "आबा म्होरं, कळप मागं. फौजेगत." लोक माना डोलावतात, कारण तो सुभेदार आहे.

गेल्या वर्षी त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. वाळवंटातल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेली मेंढरांची रांग, आणि रांगेच्या एका टोकाला काठी घेतलेला माणूस. फोटो इतका धूसर की मेंढरांची तोंडं कुठली आणि शेपट्या कुठल्या ते कळेना.

"बघ, मानूस म्होरं हाय," दादा म्हणाला.

"शेपट्या हायत त्या. मानूस मागं हाय."

"चल मग, जाऊन बघू."

बायकोने विचारलं, "त्या मानसाचा आन् मामंजींचा काय संबंध?" संबंध असा की हे काम तेव्हापासून एकाच पद्धतीने चाललंय, आणि ती पद्धत मला माहीत आहे. कराडच्या एका प्रवासवाल्याने तिकडचा वाटाड्या आणि जीप ठरवून दिली. आमची आपसात अट होती: दोघांनी एकदम बघायचं, आणि हरलेल्याने गावच्या जत्रेत भावकीसमोर चूक कबूल करायची.

पहिले दोन दिवस वाटाड्याने दुसरी चित्रं दाखवली. उंट, घोडेस्वार, तळपाय. उंट बरे होते. एकाचे मागचे पाय चुकले होते, ते मी वाटाड्याला सांगितलं. त्याने मान डोलावली, पण दुरुस्तीचं काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चित्राच्या घळीपाशी पोहोचलो. वर अर्ध्या तासाची चढण होती, आणि ऊन चढायच्या आत खाली उतरायचं होतं. घळीच्या तोंडाशी वाटाड्याच्या म्हाताऱ्या चुलत्याचा तंबू होता. दादा मागे शांतिसेनेबरोबर लेबनॉनला होता, त्याला कामापुरती अरबी येते. तो तंबूमागे जाऊन म्हाताऱ्याशी काहीतरी बोलला. म्हातारा एक काळी, लांब कानांची शेळी घेऊन आला आणि माझ्यापुढे उभी केली.

"इकायची हाय म्हनतोय," दादा म्हणाला. "तुला काय करायची? चल."

मला चल म्हटलं की मी बसतो, हे दादाला माझ्या लहानपणापासून माहीत आहे.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबतात. म्हातारा हे दोन मिनिटांत शिकला. त्याने शेळी चार दाती असल्याची खूण केली. मी तिचं तोंड उघडून सहा दात मोजून दाखवले, म्हणजे वय जास्त, भाव कमी. तो रागावून उठला. मग मी रागावून उठलो. मग चहा आला. असं चार वेळा झालं. गिऱ्हाइकाचा इतका चांगला अंदाज असलेला माणूस मी आटपाडीच्या बाजारातही पाहिला नाही. शेवटी सौदा तुटला, म्हणजे ठरला, आणि मी मान वर केली. सूर्य डोक्यावर होता. घळीतून दादा आणि वाटाड्या खाली येत होते.

"कुठं गेलतास?"

"बघून आलो. तू कामात हुतास."

"दोघांनी एकदम बघायचं ठरलं हुतं."

"मानूस म्होरं हाय," दादा म्हणाला. "आबांगत."

"फोटो दाव."

"मोबाइल गाडीत राहिला."

तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मोबाइल गाडीत विसरला. मी वाटाड्याला म्हटलं, आत्ता वर चल. त्याने उन्हाकडे बोट दाखवून नाही म्हटलं. संध्याकाळी आमचं विमान होतं. मग मी खुणेने विचारलं, माणूस पुढं की मागं? त्याने आधी दादाकडे पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं, "व्हेरी ओल्ड."

"म्हाताऱ्याला शेळी आनायला कुनी सांगितलं?" मी दादाला विचारलं.

"मी कशाला सांगू? आरं गड्या, तू वर येऊन भांडलाच असतास. येवढं जुनं चित्र, एकदा तरी गपगुमान बघू दे की."

ठरलेला सौदा मोडत नाहीत, म्हणून शेळी माझी झाली. ती म्हाताऱ्याकडेच ठेवून आलो. तो अधूनमधून दादाच्या मोबाइलवर तिचे फोटो पाठवतो. ते मात्र स्वच्छ येतात.

जत्रेत दादा भावकीला म्हणाला, "ह्या डोळ्यांनी बघून आलोय." लोकांनी माना डोलावल्या. एकाने मला विचारलं, तुमी काय बघितलंसा? मी म्हटलं, शेळी. सगळे हसले. रात्री जेवताना बायको म्हणाली, "आवं, तरनेपनी म्होरं चालत असतील, वय झाल्यावर मागं. दोघंबी खरं." मी तडजोडीसाठी वाळवंटात गेलो नव्हतो.

अकरा वर्षं कळपाच्या पुढं मी होतो. वळून पाहिलं की मेंढरांच्या पाठींवरून आबा दिसायचे, घोंगड्याच्या खोळीत ओलं कोकरू घेऊन सगळ्यांत शेवटी येणारे. दादाला हे दिसणं शक्य नव्हतं. तो तेव्हा पठाणकोटला होता.

त्या कातळावर माणसाच्या बाजूला मेंढरांची तोंडं होती की शेपट्या, हे दादाने आबांची शपथ घेऊन भावकीसमोर सांगावं. तोंडं होती म्हणाला, तर मोबाइल गाडीत का ठेवला, याचंही उत्तर त्याने तिथेच द्यावं.