संकल्पात मी बदललेले शब्द

"मॅडम की सारी रिपोर्ट्स नॉर्मल हैं. दिक्कत सर की रिपोर्ट में है," दिल्लीच्या करोल बागेतील दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सर म्हणजे माझा मुलगा श्रीनिवास. तो एका मंत्रालयात नोकरीला आहे. मॅडम म्हणजे माझी सून मुग्धा. मी, आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकवलेला निवृत्त शिक्षक, दोघांच्या मागच्या खुर्चीवर बसलो होतो. बाईंनी कागद पुढे सरकवला. श्रीनिवासच्या वीर्यात शुक्राणूंची संख्या फार कमी होती आणि होते तेही मंद होते.

मुग्धाने मागे वळून पाहिले नाही. तिने पाहिले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

लज्जेचे कारण आधी सांगतो, कारण हे लिहिण्याचे प्रयोजनच ते आहे. दोन वर्षांपूर्वी आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी संततीसाठी पूजा केली. कॉलनीतली सहा-सात मराठी कुटुंबे आली होती. पौरोहित्य माझेच होते. अशा पूजेचा संकल्प पती-पत्नी दोघांच्या वतीने सांगायचा असतो, ही रीत मला पाठ आहे. तरीही मी शब्द बदलले. श्रीनिवासच्या हातावर पळीभर पाणी सोडून मी त्याच्याकडून म्हणवून घेतले, "अस्या मम पत्न्या वन्ध्यत्वदोषपरिहारार्थम्." म्हणजे, या माझ्या पत्नीचा वंध्यत्वदोष दूर व्हावा म्हणून. दिल्लीत वाढलेल्या त्याला त्यातले अक्षरही कळले नाही. रीतीप्रमाणे मुग्धाचा हात त्याच्या हाताला लागलेला होता.

प्रसादाच्या वेळी शेजारच्या कुलकर्णीवहिनींनी अर्थ विचारला. मी तोही सविस्तर सांगितला.

त्यानंतर श्रीनिवासची तपासणी करावी असे मुग्धाने दोनदा सुचवले. "आपल्या घराण्यात असे काही नाही," असे म्हणून मी ती दोन्ही वेळा टाळायला लावली. दोन वर्षे गेली. रिपोर्ट नॉर्मल असला तरी त्या काळात वयाप्रमाणे मुग्धाची स्त्रीबीजेही कमी होत चालली होती, हे त्या दिवशी बाईंकडून कळले.

उपचार ठरला तो आयव्हीएफचा, म्हणजे स्त्रीबीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करण्याचा. त्यासोबत इक्सी हवी, असे बाई म्हणाल्या. इक्सीमध्ये एकच शुक्राणू निवडून तो अतिसूक्ष्म सुईने थेट बीजात सोडतात. आमच्यासारख्या रिपोर्टसाठी ती आवश्यकच होती.

मग एका छापील कागदावर ऐच्छिक तंत्रांची यादी आली. असिस्टेड हॅचिंग म्हणजे गर्भाचे बाह्य कवच लेझरने थोडे पातळ करणे. टाइम-लॅप्स म्हणजे उबवणपेटीत कॅमेरा ठेवून वाढत्या गर्भावर सतत नजर ठेवणे. एम्ब्रिओ ग्लू म्हणजे गर्भ गर्भाशयाला चिकटावा म्हणून वापरायचे खास द्रावण.

"सगळीच करा," मी म्हणालो.

मुग्धा त्या दिवसांत प्रथमच हसली. "बाबा, हे नैवेद्याचं ताट आहे का? हे पण वाढा, ते पण वाढा!"

बाईही हसल्या. "अंकलजी, हर चीज़ सबके लिए नहीं होती. " आमच्या बाबतीत या जास्तीच्या तंत्रांनी फायदा होईलच असे सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या.

माझा आग्रह कशातून आला होता ते मला तेव्हाच उमगले. माझे पाप मला प्रयोगशाळेकडून फेडून हवे होते. वाचकहो, तुमच्यापुढे असा कागद आला तर प्रत्येक तंत्राविषयी एकच विचारा, "हे आम्हालाच का हवे?" उत्तर मिळेपर्यंत उठू नका. भीतीने किंवा लाजेने होकार देऊ नका.

मुग्धाला दहा-अकरा दिवस रोज पोटात इंजेक्शन घ्यावे लागले. ती ते स्वतः टोचून घेई आणि डबा भरून ऑफिसला जाई. बीजे काढली त्या सकाळी श्रीनिवास औषधे आणायला गेला असताना मी तिच्या खाटेजवळ बसलो.

"त्या पूजेत मी जे म्हटले..." मी अडखळलो.

"मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. संस्कृत तुम्हीच शिकवलंत ना?"

लग्नानंतर ती रोज संध्याकाळी माझ्यापुढे वही घेऊन बसत असे. पूजेनंतर ते बंद झाले होते. ऑफिसचे काम वाढले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मी हात जोडले. तिने ते धरून खाली केले.

"माझ्यापुढे नको. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर बोला. आणि प्लीज, आता श्रीच्या नावावर ढकलू नका."

पाचव्या दिवसापर्यंत दोन गर्भ वाढले. एक गर्भाशयात सोडला, दुसरा गोठवून ठेवला. गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या रक्ततपासणीला अजून आठवडा होता. फळ पाहून क्षमा मागणे मला सौदा वाटले असते, म्हणून त्याआधीच्या रविवारी मी तीच कुटुंबे घरी बोलावली. देवापुढे समई लावली आणि या वेळी मराठीत बोललो. "संकल्प दोघांच्या वतीने करायचा असतो. मी तो बदलला आणि सुनेवर दोष ठेवला. शास्त्र जाणत असूनही ठेवला."

मग कुलकर्णीवहिनींनी विचारले, "अहो, मग दोष होता तरी कुणाचा?"

श्रीनिवासने मान वर केली. तो काही बोलण्याआधी मी म्हणालो, "माझा."

मुग्धा उठून चहा टाकायला गेली. पुढचे सहा दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. तो तिचा अधिकार होता.

तपासणीचा निकाल नकारात्मक आला. फोनवर बाईंनी पुढच्या महिन्यात गोठवलेला गर्भ सोडू असे सांगितले. श्रीनिवास गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी संध्येला बसलो, पण आचमनापुढे जाता येईना.

थोड्या वेळाने मुग्धा आली. डोळे सुजलेले होते. हातात दोन वर्षांपूर्वीची वही होती. तिने माझ्यासमोर चटई ओढली आणि पाने उलटत विचारले, "बाबा, कुठपर्यंत आलो होतो आपण?"

देवाचे आभार मी आजवर पुष्कळदा मानले आहेत. त्या संध्याकाळी प्रथमच ते मानताना माझी मान वर होत नव्हती.